पुन्हा बारीक तार

"हे पण सुटलं," डॉक्टर मुग्धा म्हणाली, आणि आरशाची काडी चिन्मयीच्या गालात तशीच धरून तिने मागे वळून पाहिलं. "काकू, आता दिवाळी धरा. त्याच्या आधी तारा निघत नाहीत." सांगायची गोष्ट एवढीच होती, आणि धरमपेठेतल्या त्या गार दवाखान्यात ती डॉक्टरने रोजच्या सवयीने, पाऊस येईल म्हणावं तशी सांगितली. पण अरुंधतीचं लक्ष डॉक्टरकडे नव्हतंच. खुर्चीवरच्या दिव्याचा पांढरा झोत मुलीच्या तोंडावर पडला होता, तोंड आ वासलेलं होतं, आणि असं वासलेलं तोंड काही बोलत नसतं, हसत नसतं, लपवतही नसतं. म्हणून अरुंधतीने कपाळाकडे पाहिलं. दोन भुवयांच्या मधोमध गेले कित्येक महिने एक बारीक घडी पडलेली असायची, ऑफिसची असेल, उन्हाची असेल, असं म्हणून तिने ती सोडून दिली होती. डॉक्टरच्या तोंडून दिवाळी हा शब्द निघाला आणि ती घडी सुटली. चादरीवरची सुरकुती कोणी तळहाताने सपकन सारखी करावी, तशी. क्षणभरच. मग चिन्मयीने डोळे मिटून घेतले, जणू दिवा खुपला. पण अरुंधतीला दिसायचं ते दिसून गेलं होतं. पोरीला बरं वाटलं होतं.

लग्न ठरून वर्ष व्हायला आलं होतं. तारा त्याच्याही आधीच्या. मिहानच्या एका कंपनीत नोकरी लागल्यावर चिन्मयीने स्वतःच्या हौसेने लावून घेतलेल्या, पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते म्हणून. स्थळ आलं अमरावतीचं, मुलगा उन्मेष पुण्याला, घर चांगलं, माणसं चांगली. बोलणी झाली, सुपारी फुटली, आणि निघता निघता उन्मेषची आई अगदी लाडाने म्हणाली होती, "अरुंधतीताई, लग्न तेवढं तारा निघाल्यावर करू हो. फोटो जन्मभराचे असतात." त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. सगळे हसले. चिन्मयीही ओठ मिटून हसली. आणि त्या दिवसापासून या घरात पंचांग उघडायचं ते दवाखान्यातून आल्यावर, असा रिवाज पडला. आधी माघ म्हणत होते. एक ब्रॅकेट सुटलं, मग वैशाख म्हणू लागले. पुन्हा सुटलं. हॉलवाल्याला तारीख बदलून मागताना अरुंधतीचा नवरा मधुसूदन म्हणायचा, "काय करता भाऊ, आमच्या इकडे मुहूर्त दातावर निघते." हॉलवाला हसायचा. अरुंधतीही हसायची. आता मात्र परतीच्या वाटेवर, स्कूटरवर मुलीच्या मागे तोंडाला स्कार्फ गुंडाळून बसल्या बसल्या ती सुटलेली ब्रॅकेटं मोजत होती. हे सगळं सुटतं का सोडवलं जातं?

सुटणं म्हणजे काय, ते डॉक्टरने एकदा नीट समजावलं होतं. दातावर चिकटवलेला तो चिमुकला चौकोन म्हणजे ब्रॅकेट. तार त्याला धरते आणि दाताला हळूहळू ओढते. चौकोन निघाला की दात मोकळा झाला. आणि मोकळा झालेला दात गप बसत नाही, तो आपल्या जुन्या जागेकडे परत निघतो. बाकीचे पुढे गेलेले, हा एकटा मागे. मग जाड तार काढायची, पुन्हा बारीक तार घालायची, मागे पडलेल्याला गोडीगुलाबीने ओळीत आणायचं, आणि मग परत जाड तारेपर्यंत चढत जायचं. एक ब्रॅकेट सुटलं की महिना-दीड महिना गेला असं समजा, आणि सुटल्याचं लगेच सांगितलं नाही तर आणखी. लगेच सांगितलं नाही तर! मागच्या तिन्ही खेपांना डॉक्टरने विचारलं होतं, कधी सुटलं गं? आणि चिन्मयी म्हणाली होती, लक्षात नाही आलं. तोंडात एक लोखंडाचा तुकडा तारेवर घुंगरासारखा सरकून राहिला आहे आणि चोवीस वर्षांच्या मुलीच्या ते लक्षात येत नाही? अरुंधतीच्या स्वतःच्या दातात मेथीचं पान अडकलं तर तिला भागवत वाचणंसुद्धा सुचत नाही.

चेहरे वाचायची ही खोड तिला वडिलांनी लावली होती. मधुकरराव दिवसा कचेरीत कारकून आणि संध्याकाळी कीर्तनकार. महालातल्या, इतवारीतल्या लहान लहान देवळांतून उपरणं कमरेला बांधून उभे राहायचे, आणि त्यांच्या डाव्या हाताला झांज घेऊन परकरातली अरू. "पद म्हणताना माझं ध्यान सुराकडे राहते," ते म्हणायचे, "लोकांच्या तोंडाकडे तू पाहत जा." ती पाहायची. कोणाच्या डोळ्यांत ओवी संपायच्या आधीच पाणी आलं, कोण नुसतं मान हलवतं, कोणाची बोटं पूर्वरंगातच चपला शोधायला लागली, हे सगळं ती घरी परतताना सायकलच्या दांडीवर बसून सांगायची. आणि वडील त्यावरून दुसऱ्या दिवशीचं निरूपण लांबवायचे नाही तर आवरायचे. माणसाला कळायच्या आधी त्याच्या तोंडाला कळतं, हे ती तेव्हा शिकली. तेव्हा त्यात माया होती. ज्याला रडू येणार आहे त्याच्यासाठी वडील सूर जरा खाली आणायचे, त्याला एकट्याला सावरायला वेळ मिळावा म्हणून. आता तीच नजर घेऊन ती स्वतःच्या मुलीच्या ताटाकडे बघत होती, आणि त्यात काय होतं ते तिचं तिला कळत नव्हतं.

ताटात तर काहीच सापडेना. चिन्मयी पोळी दुधात कुस्करून खायची, पेरूची फोड सुरीने पातळ करायची, चणा-पोह्यातले चणे वेचून बापाच्या ताटलीत टाकायची. इतकी शहाण्यासारखी जेवायची की त्याचाच संशय यावा. माणूस समोर इतकं जपून खातो तो मागे काय खात असेल? अरुंधतीने तिच्या ऑफिसच्या बॅगेत हात घातला, तिथे फक्त तारांना लावायच्या मेणाची डबी आणि पाण्याची बाटली. मग तिने कामवाल्या प्रेमिलाला हळूच सांगितलं, पोरीच्या खोलीतला कचरा टाकशील तेव्हा जरा बघत जा, चिक्कीचा कागद, सुपारीची पुडी, असलं काही. प्रेमिलाने झाडू भिंतीला टेकवला. "मले पोलिसात भरती करून राहिल्या का बाई? पगार वाढवसान मंग." आणि हसून पुढे, "पोरगी काय खाते? काही खात नाई. वाळून राहिली ते दिसत नाई का तुमाले?" दिसत होतं. पण वाळणं हासुद्धा एक पुरावाच की. मनात काही असल्याशिवाय कोणी वाळतं का?

मग मनात कोण, हा प्रश्न आपल्या पायाने चालत आला. ऑफिसात एक आर्यन होता, गाडी बिघडली की तो सोडायला यायचा, घराजवळच्या बेशाच्या चौकापर्यंतच, घरापर्यंत नाही. घरापर्यंत काहून नाही? फोनवर चिन्मयी त्याच्याशी बोलताना खळखळून हसायची. उन्मेषचा फोन आला की मात्र बाल्कनीत जायची, आणि काचेपलीकडून अरुंधतीला तिचं नुसतं मान डोलावणं दिसायचं. उन्मेष वाईट नव्हता. त्याच्यात बोट ठेवायला जागा नव्हती, हीच तर पंचाईत. रोज फोन करायचा, तब्येत विचारायचा, आणि शेवटी न चुकता म्हणायचा, "मग, किती राहिलं?" जसं काही कुठे डाउनलोड चाललं आहे. एकदा स्पीकरवर अरुंधतीनेच ऐकलं होतं. तेव्हा तिला त्यात उत्सुकता ऐकू आली होती. आता आठवलं की नुसती घाई ऐकू यायची. आणि मग लगेच वाटायचं, मी पण तर तेच विचारते. डॉक्टरला, पोरीला, पंचांगाला. किती राहिलं?

"तू उगाच डोक्यात किडे पाळून राहिलीस," मधुसूदन म्हणाला. तो वर्तमानपत्राने वारा घेत बसला होता. "डिंक कच्चा असंल त्या डॉक्टरणीचा."

"अहो, डिंक कच्चा असता तर सगळ्यांचीच सुटली असती. रोशनी म्हणाली, तिथल्या पोरांची शाळेत मारामारी करूनसुद्धा एवढी सुटत नाहीत."

"रोशनी कोण आता?"

"दवाखान्यातली चिठ्ठ्या देणारी. तिला विचारलं मी."

"वा वा! म्हणजे प्रेमिला झाली, रोशनी झाली. आता बेशाच्या नाक्यावर एक शिपाई उभा कर. अवं, पोरीलेच विचार ना सरळ."

सरळ विचारलं होतं तिने. भाजी निवडता निवडता, मान वर न करता, "तुला हे लग्न करायचं आहे ना?" चिन्मयी म्हणाली होती, "मी नाही म्हटलं का?" आणि उठून पाणी प्यायला गेली. मी नाही म्हटलं का! हे काय उत्तर झालं? अरुंधतीने ते उत्तर दोन दिवस जिभेवर घोळवलं. हो नव्हतं ते. नाही पण नव्हतं. लहानपणी ही अशी नव्हती. पहिला दुधाचा दात पडला तेव्हा तो कौलावर फेकायचा म्हणून आजोबांनी हात धरून अंगणात नेलं होतं, तर ही मूठ उघडेना. माझा आहे, मी देणार नाही, म्हणून भर दुपारी रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडली होती. मधुकरराव खो खो हसले होते. देवालासुद्धा नाही म्हणेल ही पोट्टी, म्हणाले होते. तो नकार कुठे गेला? का तो गेलाच नाही, आत शिरून बसला आणि आता आतून एक एक चौकोन उखडून टाकतो आहे? हात लावून. नखाने. बाथरूमचं दार लावून. असं चित्र एकदा डोळ्यांसमोर आलं आणि मग ते हलेना. बाथरूममध्ये नळ जास्त वेळ वाहिला की अरुंधती दाराशी येऊन उभी राहायची आणि स्वतःलाच सांगायची की मी टॉवेल घ्यायला आले.

रामनवमीच्या आधीचा रविवार होता. धरमपेठेतल्या देवळात रामाच्या नवरात्राचं कीर्तन, आणि ते अरुंधतीने आजवर चुकवलेलं नव्हतं. उन्हं कलायच्या आधीच निघावं लागायचं. निघताना चिन्मयी म्हणाली, "बाबा मित्राकडे गेलेत. मी आहे घरी, तू आरामात ये." आरामात ये! वाटभर ते दोन शब्द स्कूटरच्या मागे बांधल्यासारखे खडखडत आले. देवळात गारवा होता, मोगऱ्याचा वास होता, पेटीवाल्याने सूर धरला आणि नेहमीसारखं तिच्या आतलं काहीतरी मऊ पडून बसलं. बुवा तरुण होते, पण गळा पिकलेला. पूर्वरंगात त्यांनी नामाचं निरूपण केलं, मध्ये सगळ्यांनी टाळ्यांवर भजन म्हटलं, बुवांना हार घातला, कपाळाला बुक्का लागला, आणि उत्तररंगात त्यांनी आख्यान लावलं ते देवाच्या गळ्यातलं पदक चोरल्याचा आळ आलेल्या दासीचं. अरुंधतीला ते पाठ होतं. वडील ते आख्यान सांगायचे तेव्हा दळणाच्या पदावर बायका पदराने डोळे पुसायच्या. देव स्वतः रात्री तिच्याकडे दळायला आला आणि जाताना पदक विसरला. सकाळी गाभाऱ्यात पदक नाही, आणि ते सापडलं तिच्या वाकळेत. बुवा पुजाऱ्यांची नक्कल मोठी बहारीची करत होते. डोळे वटारून, उपरण्याचा आसूड करून. लोक हसत होते. आणि अरुंधतीला आज पहिल्यांदाच वाटलं, यात हसण्यासारखं काय आहे? ते पुजारी काही दुष्ट नव्हते. पदक खरंच जागेवर नव्हतं. खरंच तिच्या वाकळेत सापडलं. देव येऊन दळतो, हे कोणाच्या मनात येणार? माणसाला जे दिसतं त्यावरच तो चालणार ना? तिने इकडे तिकडे पाहिलं. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी साचत होतं, आता पुढच्याच ओळीला सांडणार. आपले डोळे कोरडे आहेत. आपण इथे नाहीच आहोत. आपण घरी बाथरूमच्या दाराशी उभे आहोत. आरामात ये, म्हणाली पोरगी.

अरुंधती उठली. दासीवर आळ आला होता, तिला धरून नेत होते, देव अजून यायचा होता, आरती व्हायची होती, आणि ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि लोकांच्या पायांतून वाट काढत निघाली. उभ्या जन्मात तिने हे केलं नव्हतं. कीर्तनातून मध्येच उठणाऱ्याची वडिलांना इतकी चीड होती की ताप असला तरी ते तिला आरती होईपर्यंत भिंतीला टेकवून ठेवायचे. चपला शोधताना मागून बुवांचा सूर चढला, आणि तो आपल्याच पाठीवर पडतो आहे असं वाटून तिने मान खाली घातली. पण पाय थांबले नाहीत. रिंग रोड, भट्टीसारखी हवा, सिग्नल, पुन्हा सिग्नल. आज रंगेहाथ, एवढे दोनच शब्द डोक्यात. तिने स्कूटर खालीच लांब लावली, आवाज होऊ नये म्हणून जिने चढून आली, आणि किल्ली कुलपात इतकी हळू फिरवली की चोरालाही शिकवावं.

हॉलमध्ये कूलर धडधडत होता. पडदे ओढलेले. वाळ्याच्या ओल्या वासाने खोली भरलेली. दिवाणावर चिन्मयी कुशीवर झोपली होती, तोंड भिंतीकडे. म्हणजे काहीच नाही. अरुंधतीला सुटका वाटायला हवी होती, पण वाटला तो चक्क हिरमोड, आणि त्या हिरमोडाची तिला लाज वाटली. तरी तिने टेबल पाहिलं. फोन उपडा पडलेला. ताटलीत टरबुजाच्या साली. सोफ्याच्या गादीखाली हात घालून पाहिलं. आणि अशी वाकलेली असतानाच लाइन गेली. कूलर एक आचका देऊन थांबला, पाण्याचे शेवटचे थेंब टपटपले, आणि उन्हाळा लागल्यापासून रात्रंदिवस या घरावर पांघरूण घालून बसलेला तो आवाज एकाएकी ओढून काढल्यासारखी शांतता झाली. त्या शांततेत कर्र् झालं.

ती ताठ झाली. पुन्हा कर्र्, आणि मग सावकाश, दाबून, करकर करकर. सुपारी! तिच्या छातीत काहीतरी विजयाने उसळलं. झोपेचं सोंग, आणि गालात सुपारी. दोन पावलांत ती दिवाणाशी पोचली आणि पोरीच्या तोंडावर वाकली. चिन्मयीचे डोळे मिटलेले होते. पापण्यांखाली बुबुळं फिरत होती. ओठ जरासे विलग, ओठांच्या कडेला लाळ, आणि जबडा घट्ट, इतका घट्ट की कानाखाली एक गाठ वर येत होती आणि जात होती. वरचे दात खालच्या दातांवर रेटून घासत होते, खालच्या चौकोनांवरून, तारेवरून, जात्याच्या दोन पाळू एकमेकांवर फिराव्यात तसे. तोंडात काही नव्हतं. सुपारी नव्हती, चिक्की नव्हती, नख नव्हतं. नुसते दात होते आणि झोप होती. आणि त्या दोन भुवयांमध्ये ती घडी, खोल, चाकूने रेघ ओढल्यासारखी.

अरुंधती तिथेच जमिनीवर बसली. म्हणजे हे. म्हणजे रोज रात्री, बंद दाराआड, कूलरच्या आवाजाखाली हे चाललेलं होतं, आणि हिला स्वतःलाही त्याचा पत्ता नव्हता. सकाळी उठायची, चौकोन सुटलेला असायचा, आणि कधी सुटला ते खरंच लक्षात आलेलं नसायचं. दिवसभर जपून, मऊ, सगळ्यांना हवं तसं खाणारी ही मुलगी रात्री एकटी एवढी झुंजत होती, आणि आई तिच्या बॅगेत सुपारी शोधत होती. तिने हात पुढे केला आणि कानाखालच्या त्या गाठीवर हलकेच तळवा ठेवला. गाठ तिच्या हाताखाली दगडासारखी लागली. देवाचं नावही तिच्या तोंडात आलं नाही. नुसता हात ठेवून बसली. हळूहळू करकर मंदावली, थांबली, आणि चिन्मयीने डोळे उघडले.

"आई? एवढ्यात? कीर्तन संपलं?"

"नाही. उठून आले."

"तू?" चिन्मयी कोपरावर उठली. आईच्या तोंडाकडे पाहिलं, मग तिच्या हाताकडे. "बरं नाही का वाटत?"

"झोपेत दात खातेस तू. किती करकर करून राहिली होतीस. त्यानेच सुटतात ते."

 चिन्मयीने जीभ तारेवरून फिरवून पाहिली, कुठलं हललं का ते. मग म्हणाली, "मला माहीत नव्हतं. शप्पथ. तुला वाटलं मी तोडते. मला कळत होतं तुला तसं वाटतं ते."

"वाटलं," अरुंधती म्हणाली. "चुकलं माझं."

 खिडकीबाहेर कोणाचं तरी इन्व्हर्टर गुणगुणत होतं. "पण आई," चिन्मयी भिंतीकडे बघत म्हणाली, "दर वेळी डॉक्टर सुटलं म्हणाली ना, की मला बरं वाटायचं. आणि बरं वाटलं की भीती वाटायची. उन्मेष चांगला आहे गं. काय सांगू मी? कशावरून नाही म्हणू? आर्यनबिर्यन तसलं काही नाही, तू उगीच त्याच्याकडे बघून राहिलीस. कोणीच नाही. नुसतं... नाही म्हणायला कारण लागतं ना?"

कारण. अरुंधतीने गेला महिनाभर तेच शोधलं होतं, कचऱ्यात, गादीखाली, फोनच्या हसण्यात. लग्न मोडायचं तर कारण लागतं, माणसात खोट लागते, निदान दुसरं कोणी तरी लागतं. आणि इथे तर काहीच नव्हतं, एक झोपलेला जबडा होता. तो काही बोलत नव्हता आणि मानतही नव्हता. डॉक्टर रात्री घालायला कसलं तरी कव्हर देईल. कव्हर घातलं की चौकोन सुटणार नाहीत. चौकोन सुटले नाहीत की दिवाळीत तारा निघतील. तारा निघाल्या की सगळं वेळेवर होईल, फोटो जन्मभराचे होतील, आणि दात मात्र कव्हराखाली घासतच राहतील, तिथे पुण्याला, कोणाला ऐकूही येणार नाही.

टेबलावरचा अरुंधतीचा फोन वाजला. अमरावती. तिने तो दोन वेळा वाजू दिला, मग उठून घेतला.

"अरुंधतीताई, कीर्तनातून आलात का? म्हटलं विचारून घ्यावं. डॉक्टर अजून दिवाळीच म्हणते का? आमच्या इकडे हॉलवाला मागे लागून राहिला. यावेळी पक्की तारीख सांगून टाका, बरं का."

"तारीख नाही सांगत ताई," अरुंधती म्हणाली. तिचा आवाज तिला वडिलांसारखा वाटला, रडणाऱ्या माणसासाठी खाली आणलेला. "लग्न आम्ही थांबवतो आहोत."

पलीकडे काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला. "तारांमुळे? अहो, तारांचं काय एवढं, मी आपलं गमतीत..."

"तारांमुळे नाही. मुलगी हो म्हणालेली नाही अजून. आम्ही धरून चाललो होतो."

"मग नाही म्हणाली का? काय कमी पडलं आमच्यात, ते तरी सांगा."

"काहीच नाही. तुमच्यात काहीच कमी नाही, उन्मेषमध्येही नाही. हात जोडून सांगते. तुम्ही त्याच्यासाठी दुसरीकडे बघितलंत तर आम्ही वाईट वाटून घेणार नाही."

"मधुसूदनरावांना माहीत आहे हे?"

"नाही. घरी आले की सांगेन. ते ओरडतील."

"बरं," पलीकडची बाई म्हणाली. मग फोन बंद झाला. रागाने का रडू आलं म्हणून, ते अरुंधतीला आवाजावरून ओळखता आलं नाही, आणि तिने ओळखायचा प्रयत्नही केला नाही. ती वळली. चिन्मयी दिवाणाजवळ अनवाणी उभी होती. ती हसत नव्हती, रडत नव्हती, आईच्या गळ्यातही पडली नाही. तिचं तोंड नुसतं उघडं राहिलं होतं, तारांसकट, आणि खालचा जबडा सैल, झोपलेल्या तान्ह्या बाळासारखा खाली आला होता. तो मिटून घ्यायचं तिला भानच नव्हतं.